होजाची गाढवं मोजताना: लहान मुलांना नसरुद्दीनच्या गोष्टी कशा सांगाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. बालवाडी आणि पहिलीच्या मुलांना मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी सांगायला घेतल्या. पहिल्याच दिवशी उजेडात वस्तू शोधणाऱ्या मुल्लाची गोष्ट सांगितली, तर मुलं गप्प. एकाने विचारलं, "मग पुढे?" पालक विचारतात, तात्पर्य काय? गोष्टी निवडायच्या कशा, सांगायच्या कशा, आणि 'मुल्ला' हा शब्द, दाढी, पागोटं यांचं वर्गात काय करायचं?

सांगण्यात चूक झाली नाही, निवडीत झाली. घरात हरवलेली वस्तू तो बाहेर शोधतो, कारण बाहेर उजेड आहे. मोठ्या माणसाला यात स्वतःची खोड दिसते, म्हणून तो हसतो. चार वर्षांच्या मुलाच्या जगात मात्र हरवलेली वस्तू कुठेही सापडते: बुटात, फ्रिजवर, आजीच्या पिशवीत. बाहेर शोधण्यात त्याला वावगं काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने एक माणूस शोधतो, त्याला सापडत नाही आणि गोष्ट मध्येच तुटते. 'मग पुढे' हा प्रश्न अगदी रास्त आहे.

अशा गोष्टींना सहा वर्षांच्या आतलं मूल हसतं ते मुख्यतः एका कारणाने: गोष्टीतल्या माणसाला जे कळलं नाही ते आपल्याला आधी कळलं. निवडीची कसोटी हीच ठेवावी. सातव्या वर्षाच्या आसपास दुसरं हसू सुरू होतं. समोरच्याचंच बोलणं त्याच्यावर उलटवलं, हे ध्यानात येऊ लागतं. नसरुद्दीनच्या बऱ्याचशा गोष्टी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, पहिल्या प्रकारच्या थोड्या. बालवाडीसाठी त्या थोड्याच घ्याव्यात आणि पुन्हा पुन्हा सांगाव्यात.

सर्वांत खात्रीची गोष्ट गाढवं मोजण्याची. होजा, म्हणजे तुर्कस्तानातला आपला मुल्ला नसरुद्दीन, बाजारातून दहा गाढवं घेऊन निघतो. एकावर बसतो आणि मोजतो तर नऊ. घाबरून उतरतो, मोजतो तर दहा. पुन्हा बसतो, पुन्हा नऊ. शेवटी वैतागून म्हणतो, "बसून जाण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. एक गाढव तरी वाचतं!"

चार वर्षांच्या मुलांसाठी दहाऐवजी पाच गाढवं घ्या. दहापर्यंत पाच-सहा वेळा मोजताना लहान मुलं मध्येच सुटतात आणि एकाची चूक कुठे झाली हेच निसटतं. दुसरीच्या मुलांना दहा चालतात. चार उशा समोर ओळीने मांडा, पाचवीवर तुम्ही बसा. मोजताना बोट फक्त पुढे जाऊ द्या. खालच्या उशीकडे नजरसुद्धा जाता कामा नये. सांगणाऱ्याची नजर खाली गेली की मुलांना वाटतं, यांना माहीत आहे, हे सोंग करताहेत. मग मजा संपते.

पहिल्या फेरीत दोन-तीन मुलं ओरडतील, "तुम्ही बसलायत त्याच्यावर!" इथे बहुतेक जण 'थांबा, मला सांगू द्या' म्हणतात आणि गोष्ट तिथेच मरते. ओरडणं हाच गोष्टीचा गाभा आहे. तुम्ही "कुठे? कुठे?" करत चुकीच्या बाजूला बघा, दाराकडे जाऊन या. फेऱ्या तीनच करा. चौथ्या फेरीला ओरडण्याचा गोंगाट होतो आणि मागे बसलेल्यांना काही ऐकू येत नाही. सगळी गोष्ट चार ते पाच मिनिटांत उरकावी. पहिली-दुसरीत तिला जोडून 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण सांगता येते. विनोद तोच आहे, फक्त गाढवाच्या जागी कळसा.

दुसरी गोष्ट विहिरीतल्या चंद्राची. रात्री होजा विहिरीत वाकून बघतो तर चंद्र आत पडलेला. तो दोराला लोखंडी आकडा बांधून आत सोडतो. आकडा दगडात अडकतो. होजा जोर लावतो, आकडा सुटतो, होजा उताणा पडतो, आणि वर बघतो तर चंद्र आभाळात! "पडलो खरा, पण चंद्र जागेवर पोचवला." शहरातल्या अनेक मुलांनी विहीर पाहिलेलीच नसते, म्हणून ही गोष्ट शब्दांवर सोडू नये. बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, खोलीत अंधार करा आणि उंचावर टॉर्च धरून त्याचं प्रतिबिंब मुलांना आधी दाखवा. गोष्ट त्यानंतर. ओढताना खरोखर दोर ओढा आणि शेवटी खरोखर उताणं पडा, खाली सतरंजी घालून. बसल्या बसल्या 'आणि तो पडला' म्हटलं तर शेवटचं वाक्य मुलांना लागत नाही, कारण होजाला चंद्र दिसतो तो पाठीवर पडल्यामुळेच.

आता होजा कोण, हे सांगणाऱ्याला माहीत असायला हवं, म्हणजे आवाजात आपोआप आपुलकी येते. तुर्की परंपरेनुसार नसरेद्दिन होजाचा जन्म सिव्रिहिसारजवळच्या होर्तु गावात १२०८ साली झाला आणि पुढे तो कोन्याच्या वायव्येला असलेल्या आकशेहिर गावी राहिला. तिथे त्याची कबर आहे. कबरीच्या दगडावर हिजरी सन ३८६ असा आकडा आहे. तो उलटा वाचायचा, ६८३, म्हणजे इसवी सन १२८४ च्या सुमाराचं वर्ष. कबरीला फाटक आहे, फाटकाला भलंमोठं कुलूप आहे, पण बाजू मोकळ्याच. कुणीही शेजारून आत जावं. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे चित्र काढायला द्या. काही समजावून सांगावं लागत नाही.

'होजा' हा शब्द फारसी 'ख्वाजा'वरून आलेला, अर्थ शिक्षक, गुरुजी. इराण, अझरबैजान आणि आपल्याकडे तो मुल्ला झाला, उझबेकिस्तानात अफंदी, चीनमध्ये आफान्ती. अरबी मुलखात त्याच तऱ्हेच्या गोष्टी जुहाच्या नावाने सांगतात, आणि इजिप्तमध्ये 'ज'चा 'ग' होतो म्हणून तो गोहा. जुहा वयाने मोठा आहे: बगदादच्या इब्न अल-नदीमने दहाव्या शतकात केलेल्या ग्रंथसूचीत जुहाच्या गमतींच्या पुस्तकाची नोंद आहे. पुढे दोघांच्या गोष्टी एकमेकांत अशा मिसळल्या की वेगळ्या काढता येत नाहीत. २०२२ मध्ये तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तान या सात देशांनी मिळून ही सांगण्याची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. भिंतीवर नकाशा लावा आणि प्रत्येक देशावर त्याचं तिथलं नाव चिकटवा. एकाच माणसाची इतकी नावं, हीच मुलांना गंमत वाटते.

या गोष्टींची घडणही समजून घ्यावी. तुर्कीत परीकथा 'बिर वारमिश, बिर योकमुश' अशी सुरू होते, म्हणजे 'एक होता, एक नव्हता'. होजाच्या गोष्टीला अशी लांबलचक सुरुवात नसते. 'एके दिवशी होजा...' की लगेच प्रसंग. मराठीत 'आटपाट नगर होतं' असं लावून ती फुगवू नये. मुळात ती एक-दोन मिनिटांचीच असते. मोजणी, ओढाओढी असलेली गोष्ट अभिनयामुळे लांबते तेवढीच. बाकीच्या गोष्टी लांबवण्याऐवजी तीन सांगाव्यात.

आता मराठी घरांना अगदी आपली वाटेल अशी गोष्ट. होजा आकशेहिरच्या तळ्याकाठी बसून चमच्याने पाण्यात दही घालतोय. लोक विचारतात, "अहो होजा, काय चाललंय?" "तळ्याला विरजण लावतोय." "तळ्याचं कधी दही लागतं का?" होजा म्हणतो, "मलाही माहीत आहे लागत नाही. पण लागलं तर?" तुर्कीत हे वाक्य 'या तुतार्सा' असं आहे आणि ते तिथे रोजच्या बोलण्यात रुळलं आहे. मराठीत 'विरजण लागतं' हे क्रियापद तयारच असल्याने गोष्ट जराही ओढाताण न होता उतरते. हिंदी किंवा इंग्रजीतून वाचून सांगणारे 'दही बनलं तर' म्हणतात. त्यात जीव नाही. 'लागलं तर?' हेच हवं.

पण ज्या घरी दही डब्यातून विकत येतं, तिथल्या मुलाला विरजणच ठाऊक नसतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मुलांसमोर अर्धा लिटर कोमट दुधात चमचाभर दही घालून झाकून ठेवा. बोट बुडवून सहन होईल इतपतच कोमट. जास्त गरम झालं तर दूध नासतं किंवा दही पाणचट होतं, आणि थंड असलं तर सकाळपर्यंत लागत नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, थंडीत रात्रभर ठेवून वर जाड कापड गुंडाळावं. सकाळी दही दाखवा, मग गोष्ट सांगा, मग बादलीभर पाण्यात एक चमचा दही घालून तीही झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात शिरताच आधी बादलीकडे धावतील. त्या धावण्यातच होजाचा 'लागलं तर' त्यांना कळलेला असतो. आकशेहिरचं तळं गेल्या काही दशकांत फार आटलं आहे. मोठ्या मुलांना हे सांगायला हरकत नाही.

पातेल्याची गोष्ट सहा पूर्ण झाल्यावरच. होजा शेजाऱ्याकडून मोठं पातेलं मागून आणतो आणि परत करताना आत एक छोटं ठेवतो. "पातेल्याला बाळ झालं." शेजारी खूश. पुढच्या वेळी होजा पातेलं नेतो, पण परत करत नाही. "पातेलं मेलं." "पातेलं कधी मरतं का?" "बाळ झालं तेव्हा पटलं, मग मेलं हे का पटत नाही?"

ही गोष्ट तीन ठिकाणी फसते. एक, सांगणारा सुरुवातीलाच 'एक लोभी शेजारी होता' म्हणतो. मग शेवट आधीच फुटतो. शेजाऱ्याला साधा शेजारीच राहू द्या, लोभ त्याच्या हसण्यातून दिसेल. दोन, छोटं पातेलं मिळाल्यावरची थांबण्याची जागा लोक गिळतात. तिथे शेजाऱ्याने मोठ्याने कबुली द्यायला हवी: "हो हो, होतं ना पातेल्याला बाळ!" हे वाक्य मुलांकडूनही म्हणवून घ्या, कारण शेवटचा टोला याच कबुलीवर बसतो आणि सहा वर्षांच्या मुलाच्या ध्यानात ती राहायला हवी. तीन, 'मेलं' शब्द जड वाटतो म्हणून 'देवाघरी गेलं' म्हणतात. त्याने घात होतो. पातेलं देवाघरी गेलं म्हटल्यावर मूल देवाघरचा विचार करू लागतं. बाळ होणं आणि मरणं ही जोडी सरळ शब्दांतच हवी. वर्गातल्या कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या महिन्यात ही गोष्ट सोडून द्या, पण सांगाल तर 'मेलं'च म्हणा. साहित्य म्हणून एकात एक बसणारी दोन खरी पातेली आणा. विदर्भात गंज म्हणा, घरी जो शब्द असेल तो. तुर्कस्तानात हे 'कझान' म्हणजे तांब्याचं, आतून कल्हई केलेलं मोठं भांडं असतं.

कोटाला जेवू घालण्याच्या गोष्टीत जपून राहावं लागतं. होजा साध्या कपड्यांत मेजवानीला जातो, कुणी विचारत नाही. घरी जाऊन केसाळ, उबदार कोट घालून येतो, तर मानाच्या जागी बसवतात. मग तो बाही सूपात बुडवतो: "खा, कोटा, खा! मान तुझा आहे." फाटक्या कपड्यांचं वर्णन रंगवून, हसत करू नका. वर्गात तसे कपडे घालून आलेलं मूल असू शकतं. 'शेतातून थेट आला होता, पायाला माती होती' एवढं पुरे. हसू फक्त बाही बुडवण्यावर यावं. सूपाऐवजी वाडग्यात पाणी ठेवा आणि जुनी, सैल बाही खरंच बुडवा.

बिरबलाची खिचडी आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असते, तिचं भावंड होजाच्या गोष्टींत आहे. होजा थंडीत रात्र बाहेर काढण्याची पैज जिंकतो, पण मित्र म्हणतात की दूरवर मेणबत्ती दिसत होती, तिची ऊब मिळाली. तो त्यांना जेवायला बोलावतो आणि मेणबत्तीवर भांडं ठेवून त्यांना ताटकळत ठेवतो. सात वर्षांच्या मुलांना दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगा आणि काय सारखं ते त्यांनाच शोधू द्या. शेखचिल्लीचंही असंच. डोक्यावरच्या ओझ्याचं स्वप्न बघता बघता तो सगळं सांडतो, आणि पंचतंत्रातला सोमशर्म्याचा बाप सातूचं मडकं लाथेने फोडतो. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' हेही त्याच कुळातलं. फरक इतकाच की शेखचिल्ली दर वेळी हरतो, होजा निम्म्या वेळा जिंकतो. म्हणून मुलांना शेखचिल्लीवर हसावंसं वाटतं आणि होजासारखं व्हावंसं वाटतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी हत्तीची गोष्ट फार चांगली. तैमूरने गावात हत्ती ठेवला आहे आणि तो सगळं पीक फस्त करतोय. तक्रार करायला गावकरी होजाला पुढे घालून निघतात. वाटेत एकेक जण मागच्या मागे सटकतो. तैमूरसमोर पोचल्यावर होजा वळून बघतो तर मागे कुणी नाही. "बोल, काय हवंय?" "महाराज, हत्ती एकटा आहे हो. त्याला एक जोडीदारीण द्या." आठ मुलांची रांग करा, होजा पुढे, आणि प्रत्येक वळणावर एकाने गुपचूप खाली बसायचं. इथेही तोच नियम: प्रेक्षक मुलांना दिसतंय, होजाला दिसत नाही. तैमूर अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आला १४००-१४०२ च्या सुमारास, म्हणजे परंपरेने सांगितलेल्या होजाच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. लोकांना दांडगा राजा आणि होजा समोरासमोर हवे होते, म्हणून त्यांनी ते आणले.

काही गोष्टी सरळ वगळाव्यात. बायकोच्या चेष्टेच्या, दोन बायकांच्या, मारहाणीच्या, आणि जुन्या संग्रहांतल्या चावट गोष्टी लहान मुलांसाठी नाहीत. त्या 'सौम्य' करून सांगण्याच्या फंदात पडू नये, कारण विनोद निघून जातो आणि चेष्टा तेवढी उरते. बाप-लेक-गाढवाची गोष्ट सगळीकडे सापडते, पण ती मुख्यतः उपदेशाची आहे. मुलांना तीत गाढव खांद्यावर उचलणं तेवढं आवडतं.

आता नाव आणि वेश. 'मुल्ला' हा मानाचा शब्द आहे, शिकलेल्या माणसाचा. ज्या वर्गात तो शब्द टोमणा म्हणून कानावर पडला असेल, तिथे 'होजा' वापरा आणि पहिल्या दिवशीच सांगा: होजा म्हणजे गुरुजी. गोष्टीतले लोक त्याला 'अहो होजा' म्हणतील, बायको 'अहो' म्हणेल. एकेरीत फक्त तैमूर बोलेल. सिनेमातल्या नकलेसारखी उर्दू ढबीची बोली काढू नका, खोटी दाढी लावू नका. तुर्की चित्रांत त्याची ओळख दोनच गोष्टींनी होते: मोठं पांढरं पागोटं आणि गाढवावर उलटं बसणं. उलटं का, तर शिष्य मागे चालताहेत, सरळ बसलं तर त्यांच्याकडे पाठ होईल. खुर्चीवर उलटं बसलात की होजा आला, हे मुलं दोन दिवसांत ओळखू लागतात. मशीद, शुक्रवारचं प्रवचन गोष्टीत आलं तर तसंच ठेवा, गाळू नका. मुसलमान घरांतल्या आज्या याच गोष्टी नातवंडांना सांगत आल्या आहेत, त्या माणसाच्या मायेनेच सांगाव्यात. वर्गातल्या एखाद्या मुसलमान मुलाला उभं करून 'तूच सांग तुमच्यातलं' असं मात्र म्हणू नये. त्याला वाटलं तर तो आपणहून घरची गोष्ट घेऊन येईल.

तात्पर्य विचारणाऱ्या पालकांना सांगावं की गोष्टीचं शेवटचं वाक्य होजाचं असतं, त्यानंतर कुणी बोलायचं नसतं. 'यावरून आपण काय शिकलो' विचारलं की पुढच्या गोष्टीला मुलं हसण्याऐवजी उत्तर शोधत बसतात. त्याऐवजी आठवड्याने तीच गोष्ट एका मुलाला सांगायला द्या. गाढवं पाचाची सात होतील, चंद्राच्या जागी फुगा येईल, होजाचं नाव बदलेल. ते दुरुस्त करू नका. फक्त एवढं बघा, ज्या उशीवर ते मूल बसलंय तिच्याकडे त्याची नजर जाते का.